गुण्यात बसलेली खोली : सहावी ते आठवीचे विषय परिसरातील कामांशी कसे जोडावेत

सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या प्रत्येकाला ‘सर, हे पुढे कुठे लागतं?’ हा प्रश्न वर्षातून एकदा तरी विचारला जातो. त्यावरचे आमचे उत्तरही ठरलेले असते. गणित आले की अभियंता होता येते, विज्ञान आले की डॉक्टर होता येते, असे आपण सांगतो, आणि इतिहास-भूगोलापर्यंत पोहोचलो की स्पर्धा परीक्षांचे नाव घेऊन विषय बदलतो. मीही काही वर्षे हेच केले. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक तक्ता लावला होता, डाव्या रकान्यात विषय आणि उजव्या रकान्यात व्यवसाय. मुलांनी तो आठवड्यात पाठ केला आणि प्रश्न होता तिथेच राहिला. तक्त्यातल्या अभियंत्याला काम करताना त्यांनी कधी पाहिले नव्हते, आणि शाळेच्या कुंपणापलीकडे पाया आखणारा जो गवंडी त्यांना रोज दिसत होता, तो तक्त्यात नव्हता.

त्यानंतर मी क्रम उलटा केला. आधी चालत जाता येईल इतक्या अंतरावरचे एक खरे काम निवडायचे, त्या कामात पाठ्यपुस्तकातला धडा नेमका कोणत्या क्षणी वापरला जातो तो क्षण शोधायचा, आणि त्या क्षणी चूक झाली तर कोणाचे काय नुकसान होते ते विचारायचे. विषयाचा उपयोग मुलांना यशाच्या गोष्टींपेक्षा चुकीच्या किमतीतून लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे. पुढील मांडणी त्याच पद्धतीची आहे. ती शिक्षकांसाठी लिहिलेली असली तरी सुट्टीच्या दिवशी एखाद्या पालकालाही एका मुलाबरोबर सहज करता येईल.

पहिली फेरी

सुरुवात एका तासाच्या फेरीने करावी. मुलांचे गट करून त्यांना शाळेभोवतीच्या रस्त्यांवर चाललेली कामे नोंदवायला सांगावे. ‘दुकान’ असे मोघम न लिहिता ‘पिठाच्या गिरणीत जात्याच्या दगडांना टाकी लावणारा माणूस’ असे लिहायला लावावे, कारण नोंद जितकी नेमकी असेल तितका पुढे धडा सापडणे सोपे जाते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये व्यवसाय शिक्षणासाठी सजीवांशी निगडित कामे, यंत्रे व साहित्य यांच्याशी निगडित कामे आणि मानवी सेवा असे तीन गट केलेले आहेत. फेरीवरून परतल्यावर नोंदी या तीन गटांत मांडल्या की आपल्या परिसरात काय भरपूर आहे आणि काय मुळीच नाही ते लगेच दिसते. बागायती गावात पहिला गट फुगतो, औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेत दुसरा.

या यादीतून वर्षभरासाठी चार किंवा पाच कामे निवडावीत, अधिक नकोत. निवडीचा निकष एवढाच की, ते काम करणारी व्यक्ती अर्धा तास बोलायला तयार असावी आणि तिच्या कामात मोजमाप, नोंद किंवा निर्णय यांपैकी काहीतरी डोळ्यांना दिसणारे असावे. शिक्षकाने आधी एकट्याने जाऊन ते काम पाहणे मात्र अत्यावश्यक आहे. हे टाळले तर मुलांसमोर ‘तुमच्या कामात गणित कसं वापरता?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि समोरचा माणूस संकोचून ‘आम्ही कुठं शिकलोय, सर’ असे म्हणून मोकळा होतो. तो गणित करत नाही असे नसते. तो त्याला गणित म्हणत नाही, इतकेच.

गवंड्याचे तीन-चार-पाच

सातवीच्या गणितात पायथागोरसचा सिद्धांत आहे. तो फळ्यावर शिकवून झाल्यानंतर नव्हे तर त्याआधी मुलांना एखाद्या घराच्या पायाची आखणी दाखवावी. खुंट्या, सुतळी, पांढरी फक्की आणि मोजपट्टी एवढ्या सामानावर हे काम चालते. पहिली रेषा ठरली की तिच्याशी काटकोनात दुसरी रेषा काढायची असते. लहान कामाला लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, पुरतो, परंतु वीस फूट लांब भिंतीसाठी हातभर गुण्यावर विसंबता येत नाही, कारण कोपऱ्यातला केसभर फरक दुसऱ्या टोकाला बोटभर होतो. म्हणून मिस्त्री एका सुतळीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण करतो, दुसरीवर ४ फुटांवर, आणि या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दुसरी सुतळी सरकवत राहतो. काम मोठे असेल तर ६-८-१० धरतो. खोली आखून झाली की दोन्ही कर्ण मोजतो. ९ फूट बाय १२ फुटांची खोली असेल तर प्रत्येक कर्ण १५ फूट आला पाहिजे.

इथे थांबून मुलांनी विचारायचा प्रश्न असा : ‘मिस्त्रीकाका, दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर काय होतं?’ बहुतेक मिस्त्री या प्रश्नावर खुलतात. खोली गुण्यात नसेल तर ते भिंत बांधताना कळत नाही, गिलावा करतानाही कळत नाही. ते कळते फरशी बसवताना. एका भिंतीपासून सरळ रांगा लावत गेलेल्या फरशीवाल्याला समोरच्या भिंतीपाशी तुकडा एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला दीड इंच कापावा लागतो. पाचरीसारखा दिसणारा तो तुकडा घरमालकाला आयुष्यभर दिसतो. मुलांना घरी पाठवून आपापल्या खोलीच्या भिंतीकडेचे फरशीचे तुकडे मोजून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशीचा तास तुम्हाला शिकवावा लागत नाही.

गवंड्याकडूनच घनफळाचा धडाही मिळतो. महाराष्ट्रात वाळू आणि खडी ब्रासने मोजतात आणि १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. १० फूट लांब, ५ फूट रुंद आणि २ फूट उंच फळ्यांची ट्रॉली काठोकाठ भरली तर बरोबर १ ब्रास माल येतो. आता तीच ट्रॉली ३ इंच कमी भरली असेल तर काय, हे मुलांना काढू द्यावे. उंची पावणेदोन फूट धरली की माल ८७.५ घनफूट येतो, म्हणजे आठवा हिस्सा कमी. वाळूचा दर ब्रासला ६,००० रुपये आहे असे समजले तर एका ट्रॉलीमागे ७५० रुपये गेले. लांबरुंद ढिगाकडे पाहून ‘थोडीशीच तर कमी आहे’ असे वाटते, आणि ही ‘थोडीशी’ नेमकी किती ते घनफळ सांगते.

यानंतर मुलांना व्यवसायांची साखळी दाखवावी. पाया आखणारा मिस्त्री, नकाशा काढणारा आरेखक, लोखंडाचे प्रमाण ठरवणारा स्थापत्य अभियंता, माल मोजून घेणारा साइट सुपरवायझर, खर्चाचा अंदाज काढणारा आणि या सगळ्यांच्या देयकांची पडताळणी करणारा लेखापाल, हे सगळे त्याच ९ बाय १२ च्या खोलीभोवती उभे असतात. ‘अभियंता’ हा शब्द या ठिकाणी प्रथमच वर्गात आला तर त्याला वजन असते.

दूध संकलन केंद्रावर पहाटे

ज्या गावात दूध संकलन केंद्र आहे तिथे दशांश अपूर्णांक शिकवायला दुसरीकडे जाण्याची गरज नाही. अडचण एकच आहे, की काम पहाटे आणि संध्याकाळी चालते, त्यामुळे पालकांची संमती घेऊन छोटा गट न्यावा लागतो. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेऊन त्यातले फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन घटक, मोजले जातात आणि त्यावर दर ठरतो. गायीच्या दुधासाठी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण आपल्याकडे आधारभूत धरले जाते. त्याखाली गेले की प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, ठरावीक पैसे कापले जातात.

समजा आधारभूत दर ३० रुपये लिटर आहे आणि फॅटच्या प्रत्येक पॉइंटमागे ३० पैसे कपात आहे. एखाद्याचे १२ लिटर दूध ३.२ फॅटचे लागले तर तीन पॉइंट कमी, दर २९ रुपये १० पैसे, आणि हातात ३६० ऐवजी ३४९ रुपये २० पैसे. पावतीवरचा हा हिशेब सहावीतला मुलगा स्वतः पडताळू शकतो. ८.३५ ही संख्या ८.५ पेक्षा मोठी आहे, कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे, असे समजणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. त्यांची ही समजूत वहीतल्या लाल फुलीने जात नाही, घरच्या पावतीने जाते.

विज्ञानाचा भाग लॅक्टोमीटरमध्ये आहे. तो दुधात किती बुडतो हे दुधाच्या घनतेवर अवलंबून असते. पाणी घातले की घनता घटते आणि तो अधिक खोल जातो. साय काढून घेतली तर मात्र उलट होते, कारण स्निग्धांश हलका असल्याने तो काढल्यावर उरलेल्या दुधाची घनता वाढते. म्हणजे साय काढून मग बेताने पाणी घालणाऱ्याला नुसता लॅक्टोमीटर पकडू शकत नाही, आणि म्हणूनच फॅटही मोजावे लागते. ही लबाडी समजावून सांगताना वर्गात जेवढी शांतता असते, तेवढी मला ‘घनता’ या व्याख्येला कधी मिळालेली नाही. आठवीच्या मुलांना याच्याही पुढे नेता येते. लॅक्टोमीटरच्या वाचनाचा चौथा भाग, फॅटचा एक छोटा अंश आणि एक ठरलेली संख्या यांची बेरीज करून एसएनएफ काढण्याची रीत दुग्धव्यवसायात रूढ आहे. बैजिक राशीत दोन चले कशाला लागतात, याचे इतके सरळ उत्तर दुसरीकडे मिळणार नाही.

इथून दिसणारे व्यवसाय बरेच आहेत. केंद्रचालक, दूध संघाच्या प्रयोगशाळेतील तपासनीस, पशुधन पर्यवेक्षक, पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ, शीतकरण यंत्रांचा तंत्रज्ञ. यांपैकी एकालाही मुलांनी तक्त्यात पाहिलेले नसते.

एका पावसात तीन विषय

भूगोल, गणित आणि मराठी हे विषय एकत्र आणण्यासाठी मी पावसाळ्याची वाट पाहतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाकडून पर्जन्यमापक करून घ्यावा. सरळ कडांची पारदर्शक बाटली घेऊन तिचा वरचा निमुळता भाग कापावा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवावा. तळ खोलगट किंवा उंचसखल असतो, म्हणून तळाशी खडे आणि पाणी टाकून जिथे कड सरळ होते तिथे शून्याची खूण करावी आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. भारतीय हवामानशास्त्र विभाग दैनंदिन पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजतो. आपणही तीच वेळ पाळावी. रुंद तोंडाच्या बरणीत जास्त पाऊस साठेल की अरुंद बरणीत, यावर मुलांना वाद घालू द्यावा. दोन्ही सरळ कडांच्या असतील तर उंची सारखीच येते, हे स्वतः पाहिल्याशिवाय कोणीही मान्य करत नाही.

मग एक आकडा द्यावा : ६५ मिलिमीटर. एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की शासकीय भाषेत ती अतिवृष्टी ठरते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १ गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, अर्थात जवळपास १०१ चौरस मीटर. तेव्हा ६५ मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर सुमारे साडेसहा हजार लिटर पाणी पडते, आणि ४० गुंठ्यांच्या एका एकरावर दोन लाख साठ हजार लिटरांहून अधिक. एवढे पाणी वाहून गेले तर माती नेते आणि साठवले तर शेततळे भरते. बांधबंदिस्तीचे काम करणारा मृदसंधारण अधिकारी, शेततळ्याचा आकार ठरवणारा अभियंता, धरणाच्या दरवाजांवर बसलेला जलसंपदा विभागाचा कर्मचारी आणि पुण्यातल्या शिवाजीनगरला हवामान विभागाच्या कार्यालयात नोंदींचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, हे सर्व याच गुणाकाराने दिवसाची सुरुवात करतात.

पिकाचे नुकसान झाले की पंचनामा होतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून तो करतात आणि नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर शासनाच्या आपत्ती निधीतून मदतीसाठी ते क्षेत्र पात्र धरले जाते. मराठीचा तास इथून सुरू होतो. पंचनामा म्हणजे काय पाहिले ते, कोणत्या दिवशी, कोणत्या गटात, किती क्षेत्रात, कोणासमक्ष, एवढेच लिहिलेला मजकूर. त्यात ‘भयानक’, ‘प्रचंड’, ‘हृदयद्रावक’ या शब्दांना जागा नाही. मुलांना वर्गाच्या फुटलेल्या काचेचा पंचनामा लिहायला सांगावे. पहिल्या मसुद्यात हमखास ‘कोणीतरी मुद्दाम दगड मारून काच फोडली’ असे वाक्य येते. मग विचारावे, दगड कोणी पाहिला? मुद्दाम मारला हे कशावरून? हळूहळू मजकूर ‘खिडकीच्या डाव्या तावदानाची काच खालच्या कोपऱ्यातून फुटलेली असून तिचे सात तुकडे खोलीच्या आतील बाजूस पडलेले आढळले’ इथवर येतो. तुकडे आत पडले आहेत, म्हणजे आघात बाहेरून झाला, हा तर्क वाचणाऱ्याने करायचा असतो, लिहिणाऱ्याने नव्हे. अशा वाक्यांवर पोलीस, वकील, विमा सर्वेक्षक, दस्तलेखक, न्यायालयातील लघुलेखक आणि रुग्णालयात पाळी बदलताना नोंद ठेवणारी परिचारिका यांचे पोट अवलंबून असते. निबंधात उपमा-अलंकारांना गुण देणाऱ्या आपल्यासारख्या शिक्षकांना हा सराव थोडा जड जातो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

इतर विषय

सगळ्या विषयांना इतकी जागा देता येत नाही आणि देऊही नये. आलेखांसाठी अंगणवाडी उत्तम. सेविकाताईंकडे बालकांच्या वाढीचे आलेख असतात, आणि दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर पट्टी तांबडा रंग दाखवते, १२.५ पर्यंत पिवळा आणि त्यापुढे हिरवा. एका सेंटिमीटरच्या पट्ट्यात बालकावर काय उपचार होणार हे ठरते. एखाद्या विशिष्ट बालकाची नोंद मात्र मुलांसमोर उघडू नये; कोरा आलेख मागून घ्यावा.

इतिहासाचा धागा मला वाटतो त्याहून बळकट निघाला. २०२३ पासून राज्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारी माणसे तालुक्या-तालुक्यांत शोधली जाऊ लागली, आणि ज्यांनी केवळ हौसेने ही लिपी शिकली होती त्यांना अचानक काम मिळाले. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर किंवा १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह पाहायला नेता आले तर उत्तमच; अन्यथा गावातल्या एखाद्या जुन्या घरातला मोडी कागद आणि वाचणारी एक व्यक्ती पुरे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांतील ११ महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. या किल्ल्यांच्या परिसरातील शाळांना मार्गदर्शक, चुन्याचे काम जाणणारा पाथरवट, पुरातत्त्व विभागाचा आरेखक अशी माणसे घरबसल्या भेटतील.

चित्रकलेकडे आपण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या सवलतीच्या गुणांपुरते पाहतो. येवल्यात पैठणीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरवली जाते आणि मग धागे मोजून विणली जाते. तिथे चित्रकला आणि गणित यांत सीमा आखता येत नाही. शारीरिक शिक्षणातून खेळपट्टी राखणारा माळी, पंच आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यापर्यंत जाता येते, आणि तिन्ही कामे खेळाडू होण्यापेक्षा बरीच अधिक जणांना मिळतात.

वेळ कुठून काढायचा

हा आक्षेप रास्त आहे, कारण घटक नियोजन आणि शिष्यवृत्तीची तयारी यांत वर्ष संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना ठेवून मुलांनी स्थानिक कारागिरांसोबत काम शिकावे असे सुचवले आहे, आणि त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांची नावेही घेतली आहेत. राज्यात ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आहे. दप्तराविनाचे हे दिवस सलग न घेता दर महिन्याला एक असे वाटून घ्यावेत, असे माझे मत आहे. सलग घेतले की त्यांची सहल होते, आणि धडा मात्र चार महिन्यांनी येतो. शिरूर तालुक्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ‘काम करता करता शिकणे’ हीच पद्धत उभी केली आणि तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक माध्यमिक शाळांत पोहोचला. त्यातही आठवड्याचा ठरावीक दिवस कामासाठी राखून ठेवलेला असतो.

प्रत्येक भेटीनंतर मुलाने वहीचे एकच पान लिहावे. त्यात काम कोणते, धडा कोणता, पाहिलेला एक आकडा, ऐकलेली एक चूक आणि तिची किंमत, आणि शेवटी त्या कामापर्यंत पोहोचण्याची वाट, एवढे असावे. वाटेबद्दल शिक्षकाने नेमकी माहिती द्यावी, कारण इथे मोघम बोलण्याने मुलांचे नुकसान होते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर होण्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते, तर वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्णांनाही प्रवेश मिळतो. दहावीनंतर पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची असते. परिचर्येचा जीएनएम अभ्यासक्रम बारावीनंतर आहे आणि अंगणवाडी सेविका होण्यासाठीही आता बारावी लागते. शासकीय व अनुदानित शाळेतल्या आठवीच्या ज्या मुलांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्यांना एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा देता येते आणि निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. हा मजकूर पानावर आला की ते पान पालकही वाचतात.

सांभाळायच्या गोष्टी

१४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, म्हणून भेट पाहण्यासाठी, विचारण्यासाठी आणि मोजण्यासाठीच असावी. फिरत्या यंत्राजवळ, विजेच्या उघड्या जोडणीजवळ किंवा खोदलेल्या पायात मुलांना उतरवू नये. कारागिराचा रोज बुडणार असेल तर त्याची वेळ विचारूनच जावे. मिस्त्रीला दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी पडते, सकाळी माल कालवलेला असताना मुळीच नाही.

याहून नाजूक गोष्ट जातीची आणि लिंगभावाची आहे. आपल्याकडे बरेच कारागिरीचे धंदे जातीला चिकटलेले आहेत, आणि एखाद्या मुलाच्या वडिलांचे काम वर्गासमोर आणताना त्या मुलाला ‘तू हेच करणार’ असा निरोप नकळत जाऊ शकतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली होती. वंशपरंपरागत धंद्यांत मुलांना कोंडणारी म्हणून तिच्यावर तीव्र टीका झाली आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. हे लक्षात ठेवून गट पाडताना गवंड्याच्या मुलीला दूध केंद्रावर, बँक कर्मचाऱ्याच्या मुलाला पायाच्या आखणीवर, आणि मुलग्यांना अंगणवाडीत पाठवावे. वडिलांचे काम दाखवायचेच असेल तर त्या मुलाला आधी एकांतात विचारावे, आणि त्याने नाही म्हटले तर कारण विचारू नये.

शेवटचे काम उलट भेटीचे. ज्यांच्याकडे आपण गेलो त्यांना शाळेत बोलवावे, परंतु भाषणासाठी नव्हे. मुलांनी केलेले काम तपासण्यासाठी. आम्ही सातवीच्या मुलांकडून मैदानावर फक्कीने ९ बाय १२ ची खोली आखून घेतली होती आणि मिस्त्रीकाका मोजायला आले. एक कर्ण १५ फूट भरला, दुसरा १५ फूट २ इंच. मुलांनी आपापले गणित पुन्हा पुन्हा तपासले आणि ते बरोबर होते. मिस्त्रीकाकांनी काही न बोलता सुतळी बोटांत धरून पाहिली. ती आदल्या संध्याकाळी गाठी मारून मैदानातच ठेवली होती, रात्रभर दवाने भिजून आखडली होती, आणि ४ फुटांची गाठ आता ४ फुटांवर राहिली नव्हती.